बॅटरी रूममधलं पाणी

हे कुणाला पटावं म्हणून मी लिहीत नाही. खरं तर ते मला स्वतःलाही पटलेलं नको आहे.

पण ते घडलं. माझ्या डोळ्यांसमोर.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. बुधवार, २१ फेब्रुवारी २०२४. दुपारी सव्वा ते दोन, जेवणाची सुट्टी. खालापूर फाट्यापासून आत एक मोठं गोदाम आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही.

माझे वडील, नवनाथ, तिथे एकवीस वर्षं बॅटरी रूममध्ये होते.

गोदामातले फोर्कलिफ्ट, माल उचलायच्या गाड्या, विजेवर चालतात. पूर्वी प्रत्येकात शिशाची बॅटरी असायची. मोठ्या ट्रंकेएवढी, टनभर वजनाची. एका बॅटरीत चोवीस सेल आणि प्रत्येक सेलला एक बूच. बॅटरी चार्ज झाली की बूच उघडायचं. टॉर्च मारून आत बघायचं. पातळी खाली गेली असेल तर डिस्टिल पाणी घालायचं, काठोकाठ नाही, काठाच्या बोटभर खाली. मग फडक्याने कड पुसायची आणि अंगठ्याने बूच दाबायचं.

टक्.

चोवीस वेळा. मग पुढची बॅटरी.

त्या खोलीला कुजक्या अंड्यांचा वास यायचा. तो वास बाबांबरोबर कडावला घरी यायचा. त्यांच्या शर्टांना ॲसिडने भोकं पडलेली असायची. मी ते वेगळ्या बादलीत, काठीने ढवळून धुवायचे. कंपनी बॅटरीवाल्यांना वाफेवर उतारा म्हणून रोज गुळाचा खडा द्यायची. तो न खाता बाबा माझ्यासाठी खिशातून आणायचे. त्याला त्यांच्या फडक्याची ओल लागलेली असायची. मी तो परसात टाकायचे.

त्याला मुंग्यासुद्धा लागायच्या नाहीत.

हे सांगायला बरं वाटत नाही. माझे बाबा चांगले होते. पण मला त्यांची किळस यायची. लहानपणापासून. त्यांच्या दातांची तर जास्तच. ॲसिडच्या वाफेने पुढचे दात झिजून खुंटांसारखे झाले होते आणि हिरड्यांवर निळसर काळी रेघ आली होती. ते हसले की मी दुसरीकडे बघायचे.

२०२३च्या सुरुवातीला कंपनीने सगळे फोर्कलिफ्ट लिथियमवर नेले. नवी बॅटरी म्हणजे बंद निळी पेटी. पाणी नाही, वाफ नाही, वास नाही. जेवणाच्या सुट्टीत प्लग लावला की पुन्हा तयार. ती इतकी हलकी, की वजन भरून काढायला सोबत लोखंडी पाट्या बसवाव्या लागल्या.

पहिली पेटी आली तेव्हा बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले म्हणे. बूच शोधत.

"पाणी कुठनं घालायचं?"

इंजिनियर हसला. "मामा, हिला पाणी लागत नाही. माणूसही लागत नाही."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. रात्री ओटीवर बसून म्हणाले, "बाय, जिला तोंडच नाय तिला जगवायचं कसं?"

दोन महिन्यांनी त्यांना घरी बसवलं. नऊ महिन्यांनी ते गेले. डॉक्टरांनी कारण लिहिलं, मूत्रपिंड.

फेब्रुवारीत झहीरकाकांचा फोन आला. ते त्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. वीस वर्षं बाबांबरोबर एका डब्यात जेवले. खालापूर गावातलेच.

"बेटा, एकदा येऊन जा. नवनाथची सामानाची पेटी इथं राहिलीय."

"कुणाबरोबर पाठवून द्या ना, काका."



"पेटीचं निमित्त हाय," ते म्हणाले. "तू ये."

मी नेरळला राहते, तिथेच शाळेत शिकवते. शनिवारी गेले. बॅटरी रूम ओळखू येत नव्हती. भिंतींना नवा रंग, पंखे, लांब बाकडी. आता ती कामगारांची विश्रांतीची खोली होती. दुपारी जेवून तिथे माणसं आडवी व्हायची.

पण त्या दिवशी बाकडी रिकामी होती. माणसं बाहेर, ट्रकच्या सावलीत पुठ्ठे टाकून झोपली होती.

ठमीमावशी दारात उभी होती. ती डोंगराकडच्या वाडीतून झाडलोट करायला येते.

"आत नाय जायची मी," ती म्हणाली. "तुजा बा हाय आत."

"मावशी, काहीतरीच काय."

"काय तरीच नाय. पुसताना आवाज येतो. फडक्याचा. आनि मंग... टक्. एकवीस वरसं ऐकलाय तो आवाज मी."

झहीरकाका मला बाजूला घेऊन बोलले. दुपारी तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस जागा व्हायचा तो गुदमरून. तोंडात पाणी. आंबट, शिशासारखं कडवट, कोमट. काठोकाठ नाही.

काठाच्या बोटभर खाली.

आणि हनुवटीखाली अंगठा... तोंड हळूच मिटवणारा.

"गजाने शहाबादी फरशीवर थुंकलं," काका म्हणाले. "फरशी फसफसली, बेटा. मी पाहिलंय."

गजा पाठीमागे उभा राहून बिडी ओढत होता. तोही फोर्कलिफ्टवर असतो. "ताई, वाईट नका वाटून घेऊ," तो म्हणाला, "पन तुमचे बाबा मेल्यावर पन ओव्हरटाईम करतात. आमी जिवंतपनी करत नाय."

"गप रं," काका ओरडले.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. माणसं घाबरली होती. ठमीमावशीच्या दिराला, पोशा भगताला, सांगितलं होतं. तो शुक्रवारी येऊन खिळा ठोकणार होता.

"म्हणजे काय करणार?"

"बांधणार. मग तो तिथनं हलत नाय. कायमचा." काकांचे डोळे भरले. "मला ते नको हाय. माझा दोस्त होता. तुझं तो ऐकेल. शुक्रवारच्या आत त्याला सांग, जा म्हणून."

मी घरी आले. भुतांवर माझा विश्वास नव्हता. पण बाबा तिथे का येत असतील हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

डिसेंबरात पनवेलच्या दवाखान्यात बाबांचा श्वास अडकायला लागला. बाबांचे थोरले भाऊ, मोठे काका, म्हणाले, "बाय, तोंडात पाणी घाल." मी चमचा घेतला. बाबांनी तोंड उघडलं. ते खुंट, ती काळी रेघ, जिभेवरचा पिवळा थर. शेवटच्या दिवसांत रक्तातलं विष श्वासात उतरलं होतं, तो वास. मी मान फिरवली आणि चमचा तसाच कलता केला.

पाणी गळ्यावरून उशीत गेलं.

मोठ्या काकांनी विचारलं, "गेलं ना आत?"

मी "हो" म्हणाले.

बाबा माझ्याकडे बघत होते. मग ते बघेनासे झाले.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. कडावच्या घरामागच्या विहिरीचं पाणी तांब्यात घेतलं, एक चमचा घेतला. राहिलेलं पाणी पाजायचं आणि त्यांना मोकळं करायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

सव्वा वाजता भोंगा झाला. फोर्कलिफ्ट एका ओळीत उभे राहिले, त्यांचे प्लग लागले. चौदा हिरवे दिवे. आवाज शून्य.

गजा स्वतःहून बाकड्यावर आडवा झाला.

"कशाला रं?" काका म्हणाले.

"गळाला आमिष लागतं ना, चाचा. मी आमिष. ताईंचं काम होऊन जाऊदे." त्याने डोळ्यांवर टोपी ओढली. पाच मिनिटांत घोरायला लागला. तोंड सताड उघडं.

मी समोरच्या बाकड्यावर बसले. मांडीवर तांब्या. काका दारात उभे.

दहा मिनिटं काहीच नाही.

मग पंख्याची घरघर ऐकू येईनाशी झाली. पंखा फिरत होता.

आणि वास आला... कुजक्या अंड्यांचा. आमच्या घराचा.

गजाच्या टाळूवर उजेडाचा गोल ठिपका पडला. टॉर्चचा पडतो तसा. टॉर्च कुणाच्या हातात नव्हता.

ठिपका आत हलला. पातळी बघितल्यासारखा.

मग त्याच्या तोंडात पाणी चढायला लागलं... हळूहळू, धार न दिसता. गढूळ, तेलकट, वर बारीक बुडबुडे. दातांपर्यंत आलं आणि थांबलं. बोटभर खाली. त्याच्या ओठांची कड कुणीतरी डावीकडून उजवीकडे पुसली. न दिसणाऱ्या फडक्याखाली ओठ ओढले गेलेले मी पाहिले.

जबडा मिटला.

टक्.

गजा उठून खोकत, ओकत बाहेर पळाला. मी जागची हलले नाही. ठिपका जमिनीवरून माझ्याकडे येत होता.

"बाबा," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बाबा, मला नको. मी तुमच्यासाठी आणलंय."

ठिपका थांबला.

विझला.

मी चमचा भरून पुढे धरला.

"घ्या, बाबा. त्या दिवशीचं राहिलंय."

अंड्यांचा वास गेला. त्याच्या जागी दुसरा आला... दवाखान्यातला. माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून. गरम. थांबून थांबून.

आणि चमचा जड झाला.

त्याच्या टोकावर ओठ टेकला होता. दिसत काहीच नव्हतं. पण ओठाचं वजन मला कळत होतं, आणि खाली खुंटाचा धातूवर झालेला बारीक कर्र आवाज. ते वाट बघत होते.

मला फक्त चमचा कलता करायचा होता.

एवढंच. एक बोट हलवायचं होतं.

चमच्यातल्या पाण्यात एक पिवळट थेंब पडला. पसरला. माझ्या घशाशी आंबट आलं.

मी मान फिरवली.

खरंच सांगते, मी ठरवलं नव्हतं. मान आपोआप फिरली आणि हातही मागे आला. चमच्याच्या टोकापासून लाळेची एक तार निघाली... लांब, चिकट, हवेत लोंबकळणारी. तिचं एक टोक चमच्यावर होतं. दुसरं टोक कशालाच लागलेलं नव्हतं.

ती तुटून माझ्या मनगटावर पडली.

खोलीत कुणीतरी एकदा गिळलं. कोरडं.

मी चमचा टाकून बाहेर धावले आणि भिंतीला धरून ओकले. झहीरकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"घेतलं त्याने?"

मी तोंड पुसलं.

"काका," मी म्हणाले, "भगताला येऊदे."

मग त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला.

शुक्रवारी दुपारी पोशा आला. साधा, वाळका माणूस, पायात रबरी चपला. अंगात आणणं, ओरडणं, काही नाही. खोलीत जाऊन तो एका कोपऱ्यात बराच वेळ उकिडवा बसला. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"मरताना पानी कुनी घातलं?"

"मी."

"गिळलं?"

सगळे बघत होते. झहीरकाका बघत होते.

"हो," मी म्हणाले.

"नीट सांग बाय. प्यालेला असंल तर निजून राहील. उपाशी मानूस बांधला तं तो भोगतो. लई भोगतो. मंग मी ठोकनार नाय, दुसरा उपाय करीन. लेकीनं बसून पाजावं लागंल. दिसभर."

दिवसभर.

मला तो ओठ आठवला. चमच्यावरचा.

"गिळलं," मी म्हणाले. "मी पाहिलं."

पोशाने मान हलवली आणि आत गेला. हातोडीचे सात ठोके मी मोजले. पहिल्या सहांचा आवाज फरशीसारखा होता. सातव्याचा तसा नव्हता.

त्यानंतर त्या खोलीत कुणाला काही झालं नाही. माणसं पुन्हा बाकड्यांवर झोपतात. बाबांची पेटी मी आणली नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात झहीरकाकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. त्यांच्या मुलीचं, अनमचं, लग्न ठरलंय. मग म्हणाले, "खोली ठीक हाय, बेटा. काळजी नको करू. फक्त खिळा..."

"खिळा काय?"

"रोज सकाळी बोटभर वर आलेला असतो. आजूबाजूला ओलं असतं. आम्ही ठोकतो परत. पहिल्या शिफ्टला जो येईल तो."

मी विचारलं नाही, कधीपासून. ठोकताना आवाज कसा येतो, तेही विचारलं नाही. काका थांबले होते. मी काहीतरी बोलेन म्हणून.

"बरं," मी म्हणाले.