मैनेच्या खुरावरची रेघ

संध्याकाळी साडेसहाला माणच्या चौकात कंपन्यांच्या कॅबनासुद्धा हलता येत नाही, तिथे लंगड्या घोडीची काय कथा! आरोही मैनेचा लगाम धरून रस्त्याच्या कडेला उभी होती आणि मागचा प्रत्येक जण हॉर्न वाजवून तिला सल्ला देत होता. घोडी तिच्या वडिलांची, अण्णांची. बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे पळणारी, नाव असलेली. यात्रेतल्या शर्यतीहून परतताना नेमका इथेच टेम्पो बंद पडला. अण्णा मेकॅनिक शोधायला गेले आणि ऑफिसातून नुकत्याच सुटलेल्या लेकीच्या हाती लगाम आला.

"पुढचा उजवा नाल पडलाय," मागून कुणीतरी म्हणालं. "आन् ताई, तिच्यापेक्षा तुमीच जास्त थरथरताय."

वळून बघते तर मोटारसायकलला हत्यारांची कॅनव्हासची पिशवी अडकवलेला, उन्हानं रापलेला एक तरुण. कैलास त्याचं नाव. घरची माणसं मेंढरं राखणारी. हा मात्र एका स्टड फार्मवर नालबंदी शिकून आलेला. त्यानं परवानगी मागितली... आरोहीची नव्हे, घोडीची. मानेवर हात ठेवला, तो खांद्यावरून सावकाश खाली नेला. अण्णांनाही लाथ दाखवणाऱ्या मैनेनं मुकाट्यानं पाय उचलून दिला. आरोही बघतच राहिली.

काळ्या मळाखाली खूर ओल्या खोबऱ्यासारखं पांढरं निघालं, पण कडेला चिरलेलं. साडेतीनशे किलोचं जनावर एवढ्याशा गोष्टीवर उभं असतं, पळतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यानं खूर तासलं, नाल बसवला, खिळे ठोकले. शेवटी पायाचे केस संपून खूर सुरू होतं त्या कडेखाली कानशीच्या धारेनं एक बारीक रेघ ओढली.

"हे काय केलंत?"

"खूण. खूर वरनं उगवतं, नखावानी. ही रेघ किती खाली सरकतीया त्यावरनं कळतं, नाल किती दिसांनी बदलायचा. कुणी सहा आठवडे म्हणतं, कुणी आठ. पर दर घोड्याचं निराळं असतंय. आपण रेघंला इचारायचं."

"आणि रेघ पार खाली कधी पोचते?"

"वरीस लागतं. तवर सगळं खूर नवं होतं. हे चिरलेलं काय्येक उरत न्हाई."

सांगताना तो आरोहीकडे बघत नव्हता, खुराकडे बघत होता. देवळात बघावं तसा. त्या क्षणी हॉर्न, धूर, गर्दी सगळं कुठे गेलं, तिला कळलंच नाही.

मैनेच्या रेघेनं पाच आठवडे सांगितले. एरवी पावसाळ्यात शर्यती नसतात, म्हणून दिवाळीपर्यंत नाल काढून ठेवतात; पण खूर चिरलेलं, म्हणून पावसाळ्यातही नाल ठेवायचा ठरला. कैलास दर पाच आठवड्यांनी येऊ लागला. दुसऱ्या खेपेला 'ताई' गळून पडलं. त्या जागी काहीच आलं नाही, आणि ती रिकामी जागा आरोहीला फार आवडली.

तिसऱ्या वेळी मात्र तिला धीर धरवला नाही. चौथ्याच आठवड्यात तिनं फोन केला, "नाल वाजतोय हो..."

तो आला. पाय उचलला, एकेक खिळा ठोकून बघितला. "पक्का हाय की. कुणी सांगितलं वाजतोय?"

"मी."

"मग तुमचे कान तपासाया पायजेत."

"तपासा ना."

तो लाजून कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. पण नाल काही बदलला नाही त्यानं. "उगा लवकर बदलला तर नवी भोकं पडत्यात, खूर चिरतं. माझ्या येण्यापायी तिला तरास नको," एवढंच म्हणाला आणि चहासुद्धा न घेता निघाला. आरोही रागावली. रात्री मात्र तेच वाक्य आठवून एकटीच हसत बसली.

वर्ष सरलं. रोज ऑफिसला जाण्याआधी ती गोठ्यात वाकून रेघ बघायची. आज बघावं, उद्या बघावं, हललेली कधी दिसायची नाही. आणि तरी ती खाली येत होती! कुणाला न विचारता, आवाज न करता. आपल्याही आत असंच काहीतरी उगवून आलंय, हे कळलं तेव्हा तिला चक्क भीती वाटली.

वैशाखातली शेवटची यात्रा झाली आणि कैलास आला. येत्या रविवारी महाळुंग्याहून आरोहीला बघायला पाहुणे यायचे होते. आज बोलायचंच, असं ठरवून ती लगाम धरून उभी राहिली.

त्यानं नाल काढला, वाढलेली कड कापली. कापलेल्या तुकड्यावर झेपावणाऱ्या कुत्र्याला हटकून त्यानं तो उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तुकड्यावर ती रेघ होती. चौकातली.

"बघा. आता ही ज्यावर उभी हाय ते सगळं खूर, आपली गाठ पडल्यावर उगवलेलं हाय."

आरोहीनं तुकडा मुठीत धरला. मैना संथ उभी होती. चारी पायांवर, त्या अख्ख्या वर्षावर.

"लई चांगलं खूर आलंय," तो खाली मान घालून म्हणाला. "ह्या पावसाळ्यात नाल नको. आता... दिवाळीलाच."

"नाल ठोकला असतात तर पाच आठवड्यांनी यायला मिळालं असतं."

"व्हय. रातभर त्योच इचार केला." त्यानं खुरावरून अंगठा फिरवला. "पर तिला गरज न्हाई. खोटं कसं सांगू?"

इतका खरा माणूस! रविवारचं सगळं दडपण तिच्या मनावरून उतरलं.

"कैलास, ही रेघ खाली यायला वर्ष लागलं. आता दिवाळीपर्यंत थांबायची माझी तयारी नाही."

त्यानं मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा घोडीकडे न बघता सरळ तिच्याकडे बघितलं. "मग... कधी येऊ?"

"उद्या. आणि आईला घेऊन या."

ठोकताना कधी न चुकलेल्या हातातून कानस निसटली.

"आन् अण्णा?"

"अण्णा म्हणतात, मैना उगाच कुणाला पाय देत नाही."

तो हसला. मग वाकून कानस उचलली आणि तिच्या हातात दिली. "केसांच्या खाली. हलक्या हातानं. ह्या बारीला रेघ तुमी ओढा."