हितसंबंध नसलेला माणूस

पावसात भिजलेली ती मुलगी दुकानात शिरली, तेव्हा लोवेल ब्रिंकमन कोंबडीच्या पिल्लांना पाणी ठेवत होता. मिसूरी नदीकाठच्या त्या लहानशा गावात पशुखाद्याचं दुकान एकच आणि नोटरीही एकच. दोन्ही लोवेलच.

"शिक्का इथंच मिळतो ना?" तिनं रेनकोटाच्या आतून कागद काढले. ती स्वतः चिंब, कागद मात्र कोरडे ठणठणीत! याला प्रेमात पडणं म्हणावं की नाही, कोण जाणे. पण लोवेलचं काळीज तिथंच जरा घसरलं.

तिचं नाव डेलिया व्हॉस. आमदारांनी भेटवस्तू घेऊ नयेत आणि मतदारसंघांच्या सीमा आपल्या सोयीनं आखू नयेत, असा कायदा थेट लोकांच्या मतदानाला यावा, म्हणून ती दारोदार सह्या गोळा करत होती. सह्यांच्या प्रत्येक पानासाठी तिनं नोटरीसमोर शपथ घ्यायची. शिक्का नाही, तर पान बाद.

"या सह्या तुमच्यासमोर झाल्या... हे खरं?" लोवेलनं विचारलं.

"खरं. आणि तुमच्या खांद्यावर पिल्लू बसलंय, हेही खरं."

मग ती दर शनिवारी येऊ लागली.

"आपल्या आमदारांचा मतदारसंघ पाहिलात?" एकदा तिनं काउंटरवर नकाशा पसरला. "मान लांब करून शेजारच्याच्या ताटात तोंड घालणारं बदक!"

"मी काही बोलणार नाही. नोटरी तटस्थ असतो."

"असं? मग कान का लाल झाले?"

गल्ल्यावरून त्याची आई विल्मा म्हणाली, "तटस्थ म्हणे! शनिवार आला की दोनदा दाढी करतो."

शेवटचा शनिवार उजाडला. संध्याकाळी पाचच्या आत राजधानीत गठ्ठे जमा करायचे होते. बाहेर पत्र्यावर गारा ताडताड वाजत होत्या. डेलियानं उरलेली पानं पुढं ठेवली आणि लोवेलनं शिक्का बाजूला सरकवला.

"मला... नाही मारता येणार."

"म्हणजे?" तिचा चेहरा पडला. "आमदारांचा माणूस येऊन गेला वाटतं! काय दिलं? बेसबॉलची तिकिटं?"

"नाही हो!"

"मग काय? अख्खा वसंत लोकांच्या कुत्र्यांना चुकवत या सह्या आणल्यात मी!"

लोवेलनं पिल्लांकडं पाहिलं. ती काही मदतीला येईनात. "नोटरीचा हितसंबंध नसावा लागतो. माझा... आहे."

"या सह्यांत?"

"सह्या आणणारीत."

गारा वाजतच राहिल्या. "सुटले बाई!" विल्मा पुटपुटली.

डेलियाचे कान आता लाल झाले. पण ती पक्की मुलगी. "नोटरीचा कायदा मीही वाचलाय. नवरा चालत नाही, नातेवाईक चालत नाही, ज्याला फायदा होतो तो चालत नाही. तुम्ही माझे कोण?"

"अजून तरी... कोणी नाही."

"माझ्याकडून काही फायदा झाला?"

"अर्धा डोनट दिला होतात. तोही पिल्लांनी खाल्ला."

"मग मारा शिक्का! आणि खबरदार, आत्ता मला काही विचारलंत तर. मी हो म्हटलं, की तुमचा फायदा झाला आणि माझी पानं गेली!"

"तुम्ही हो... म्हणाल?"

"शिक्का!"

लोवेलनं शिक्का उचलला. प्रत्येक पानावर रीतसर विचारलं, "हे खरं?" प्रत्येक वेळी ती म्हणाली, "खरं." – पण दर पानागणिक आवाज थोडा खाली येत गेला.

शेवटचं पान झालं. त्यानं शिक्का खणात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली आईच्या हातात दिली आणि घसा साफ केला.

"मिस व्हॉस, मी तुम्हाला आवडतो... हे खरं?"

तिनं उजवा हात वर केला. "खरं. शपथेवर."

"झालं!" विल्मा म्हणाली. "पुढच्या खेपेला दुसरा नोटरी शोधा आता."

लोवेलनं गठ्ठा स्वतःच्या कोटाआड घेतला आणि ट्रकची किल्ली उचलली.

"चला, पाचच्या आत पोचायचंय. आता मी तटस्थ नाही."