चौथी टाळी

त्या दिवशी दुपारी मी आर्णीच्या बाजारात सेफ्टीपिना घ्यायला गेलतो. दोन डझन. नाचणाऱ्या पोरी सात, आणि आमच्या तांड्यातले आरसे लावलेले घागरे इतके जड की पिनांशिवाय कमरेवर टिकत नाहीत. दुकानदारानं विचारलं, "लगन हाये का घरी?" मी म्हणालो, "नाटक हाये." तो हसला. हसू दे. पोरी नटल्या म्हणजे लग्नच, याच्यापुढे इथल्या लोकांचं डोकं चालत नाही.

मी बादल. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं माझ्याबद्दल एक मत आहे, आणि माझं त्यांच्याबद्दल. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कोणाची भीड ठेवली नाही तर दचकू नका.

नाटक गाण्यानाचाचं होतं. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, त्याची गोष्ट. अश्वजितनं बसवलेलं. तो आर्णीचाच, पुण्यात नाच शिकून परत आलेला. पोरी सगळ्याच तयारीच्या, पण ममता वेगळीच. ती माझी धाकटी बहीण आहे म्हणून सांगत नाही. ती गिरकी घेते तेव्हा घागरा आधी थांबतो आणि मग ती थांबते, असं वाटतं. नागपूरच्या एका नृत्यशाळेच्या बाई खास तिला पाहायला येणार होत्या. त्यांनी निवडलं तर दोन वर्षं तिथं राहून शिकायचं.

आणि बानं त्याच संध्याकाळी पुसदहून पाहुणे बोलावले होते. तेही ममतालाच पाहायला. सकाळी मी त्याला तोंडावर सांगितलं, "बा, आज ती नाचनच." त्यानं तंबाखू मळता मळता म्हटलं, "पाहू."

शेवटचं नृत्य आठ जणींचं. गोल, त्यात चार जोड्या. तीन वेळा पाय आपटायचा, गिरकी घ्यायची आणि समोरचीच्या तळव्यावर टाळी. चार जोड्यांच्या चार टाळ्या, एकीमागून एक. ममताची जोडीदार होती बबिता, देवीलाल काकाची पोरगी. ती आता नाही. म्हणून तालमीत तीनच टाळ्या वाजायच्या आणि चौथ्या जागी ममताचा हात हवेत थांबायचा. अश्वजितनं नवी मुलगी घ्यायचं काढलं, तेव्हा ममता म्हणाली, "घ्या ना. मग मले काढा." त्यानं तो विषय परत काढला नाही.

बबिताचंही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. कापूस घरात आला होता, काकाच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला, दाराशी एक माणूस उभा राहील एवढीच जागा. काका तांड्याचा कारभारी. कारभाऱ्याची पोरगी स्टेजवर नाचते म्हणून कोणीतरी त्याला चावडीवर टोमणा मारला. त्यानं घरी येऊन बबिताला त्या खोलीत कोंडलं. सागाचं दार, बाहेरून निळं, आतून गुलाबी. कडी बाहेरून. आम्ही सगळे अंगणात चहा पीत होतो. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. धप, धप, धप. जरा थांबून दारावर एक थाप. परत धप, धप, धप. परत थाप.

बा म्हणाला, "काय करून राह्यली ते?"

मोबाईलमधून मान वर न काढता मी म्हणालो, "नाचून राह्यली. तिचीच स्टेप हाये."

सगळे हसले. काका म्हणाला, "नाचू दे. थकन तवा झोपन."

कापसात नाग होता. त्याला हाकलायला ती पाय आपटत होती. आम्हाला बोलवायला दार वाजवत होती. ओरडलीही असेल, पण आढ्यापर्यंत भरलेला कापूस माणसाचा आवाज बाहेर येऊ देत नाही. आवाज थांबल्यावर काका म्हणाला, "थकली." कडी काढली ती दिवे लागल्यावर.

ते दार काकानं होळीत टाकलं. जळताना मी पाहिलं आहे. मीच एका टोकाला धरून नेलं होतं.

तर नाटक. सहानंतर लाइनचा भरवसा नसतो, म्हणून खेळ दुपारी चारला. मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना काळं कापड लावून अंधार केला होता, पण कापडाच्या फटींतून उन्हाच्या रेघा खुर्च्यांवर पडत होत्या. पहिल्या रांगेत नागपूरच्या बाई, मांडीवर वही. दोन अंक झकास झाले. शिट्ट्या मारायला आलेली पोट्टीही गप्प बसली. मिठाचं पोतं फुटतं त्या गाण्याला आमची याडी, म्हणजे आई, पदर तोंडावर धरून बसली होती. मी मागच्या दाराशी उभा. वाट पाहत. कारण मला माझे म्हातारे माहीत आहेत.

आलेच. शेवटच्या नृत्याच्या आधी बा आणि देवीलाल काका.

"पाहुने आलेत," बा म्हणाला. "पोरीले घिऊन जातो."

"नाच झाल्यावर."

"बादल, सरक बाजूले."

"नाही सरकत. मारायचं तर मारा, चारशे लोकं हायेत पाह्यला."

बा थांबला. काका थांबला नाही. मला ढकलून सरळ स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाला. मी मागून त्याचा सदरा धरला. तेवढ्यात ढोल सुरू झाला.

धप, धप, धप. सात पोरींचे पाय. गिरकी. टाळी. टाळी. टाळी. ममतानं हात पुढे केला.

आणि चौथा आवाज आला.

टाळीचा नव्हता. लाकडावर तळवा मारल्यावर येतो तसा, पोकळ, जाड. लोकांना वाटलं नाटकातलंच काहीतरी. मी आवाजाच्या टेबलाशी बसलेल्या अश्वजितकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

"तू लावलं?" मी खुणेनं विचारलं.

त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे.

काका पहिल्या पायरीवर थबकला होता. त्याचा सदरा माझ्या मुठीत होता, पण तो आता पुढे ओढत नव्हता. मग वास आला. सरकीचा, नव्या कापसाचा, घशात खाजणारा तो कोंदट वास. बंद खोलीचा.

दुसरी फेरी. धप, धप, धप. टाळी. टाळी. टाळी.

ठाप.

यावेळी जवळून. ममताचा चेहरा मी नीट पाहिला. ती घाबरली नव्हती. तिचे दात घट्ट आवळलेले होते आणि प्रत्येक फेरीला ती हात आधीपेक्षा जोरात मारत होती. बाकीच्या पोरींनाही ऐकू जात होतं. एकीचा पाय चुकला. ममतानं नजर न हलवता मोठ्यानं मोजलं, "एक, दोन, तीन," आणि ती पोरगी परत तालात आली. कोणी थांबलं नाही. वाटेल ते होवो, आज कोणी थांबवायचं नाही, असं त्या सात जणींचं ठरलेलं दिसत होतं.

"बादल…" काका म्हणाला. "आयकू येते का तुले…"

"येते."

"नाचून… नाचून राह्यली ना ते…"

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. ते वाक्य माझं होतं, मलाच परत घ्यायचं होतं. "नाही काका. दार वाजवून राह्यली."

ठाप. ठाप. आता तालाबाहेर, घाईघाईनं.

काकाचा उजवा हात वर उठला. छातीच्या उंचीवर, समोर काही नसताना, त्याची बोटं काहीतरी चाचपडू लागली. सापडलं. चारशे लोकांसमोर तांड्याच्या कारभाऱ्यानं हवेतली कडी काढली. आणि स्टेजवर ममताचा थांबलेला हात एकदम पुढे गेला, समोरचा अडथळा निघून जावा तसा. तिचा तोल गेला, सावरला, गिरकी झाली.

टाळी. टाळी. टाळी. टाळी.

चौथी आता तळव्यावर तळव्याची होती. स्वच्छ. शेवटपर्यंत तशीच वाजली. काका पायरीवर बसून राहिला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यात तो रडत होता ते कोणाला ऐकू गेलं नाही.

बाईंनी ममताला निवडलं. बानं तोंड उघडायच्या आधी काकाच म्हणाला, "जाऊ दे तिले." पुसदचे पाहुणे चहा पिऊन गेले.

कपडे बदलायच्या खोलीत ममता हात धरून बसली होती. उजव्या तळव्यात लाकडाची फास शिरलेली, बोटाच्या पेराएवढी. मी घागऱ्याचीच एक सेफ्टीपिन घेऊन ती काढली. सागाची होती.

"कुठं लागली?" मी विचारलं.

"मारत होती ना मी," ती म्हणाली.

"तू तर दाराच्या बाहेरून मारत होती…"

तिनं उठून खोलीचं दार सताड उघडलं, त्याला खुर्ची लावली आणि परत येऊन बसली. मी फास खिडकीच्या उजेडात धरली. एका बाजूला रंगाचा पापुद्रा अजून चिकटून होता.

गुलाबी.