पाठीचा साचा

थंडीच्या दिवसांत फेस ओतायचा तो सकाळी अकरानंतरच, असा अर्जेओ माल्वीझीचा नियम होता. त्याआधी कारखान्याची फरशी गार असते, ज्यांच्या मिश्रणातून फेस बनतो ते डब्यांतले दोन्ही द्रव सुस्तावलेले असतात, आणि एकत्र केल्यावर फेस सरळ फुगत नाही, एका कुशीला झुकतो. तीस वर्षांत त्याने हा नियम मोडला नव्हता.

इटलीत, चेनो नदीच्या काठी, वारानोच्या शर्यतीच्या ट्रॅकपासून पायी दहा मिनिटांवर, एर्मेस बोकीच्या शर्यतसंघाचा हा कारखाना होता. पूर्वी तिथे चीज मुरवीत असत. धुकं दाटलं की भिंती अजूनही आंबट दुधाचा वास सोडीत. आत फॉर्म्युला थ्रीच्या दोन गाड्या, एका माणसापुरत्या, शवपेटीहून फारशा रुंद नसलेल्या. असल्या गाडीची सीट बाजारात मिळत नाही. चालकाला रिकाम्या कॉकपिटमध्ये मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीवर बसवायचं, हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर. मग पाठीमागे पिशवीत फेस ओतायचा. तो फुगतो, गरम होतो, अंगाच्या प्रत्येक खळग्यात शिरतो आणि पंधरा मिनिटांत घट्ट होतो. त्या पंधरा मिनिटांत चालकाने हलायचं नाही आणि इतरांनी बोलायचं नाही. हा रिवाज कुणी घातला कुणास ठाऊक. पण फेस ओतला की रेडिओ बंद व्हायचा, आणि एर्मेससारखा बडबड्या माणूसही दाराशी मुकाट उभा राहायचा.

आजवरच्या चालकांच्या जुन्या सीटा भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असत. चौतीस पाठी. कोण भित्रा, कोण छाती फुगवून बसणारा, कुणाचा कणा लहानपणापासून डावीकडे कललेला, हे अर्जेओ त्या पोकळ्यांवरून नुसता हात फिरवून सांगू शके. माणूस चेहऱ्याने खोटं बोलतो, पाठीने नाही, असं त्याचं मत होतं, आणि ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांतल्या सहा पाठी तुल्लिओ रावाझोनीच्या होत्या. पहिली सतराव्या वर्षाची, एखाद्या मुलीची वाटावी अशी अरुंद. दुसरीत खांदे भरलेले. त्या वर्षी तो दोन शर्यती जिंकला होता, आणि पार्माच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. तिसरी, चौथी: वरच्या श्रेणीत अर्धा हंगाम, मग कुणा श्रीमंताच्या मुलासाठी खाली उतरवलेला. पाचवीत कंबर जरा बसलेली. सहावीत तर अर्जेओच्या हाताला स्पष्ट कळे की हा माणूस गाडीत टेकून बसत नाही, कुणीतरी येऊन उठवील या धास्तीने अर्धवट उचललेला राहतो. आता तुल्लिओ अठ्ठावीस वर्षांचा होता. या धंद्यात ते वय म्हणजे संध्याकाळ.

त्या फेब्रुवारीत एकच जागा रिकामी होती आणि माणसं दोन. दुसरा फ्लावियो तोनेल्ली, ब्रेशाचा, वीस वर्षांचा, नम्र, स्वच्छ नखांचा. एर्मेसने तुल्लिओला पहिली संधी दिली ती जुन्या ओळखीखातर. जमलं नाही तर दुपारी फ्लावियो बसेल, हे त्याने दोघांच्या देखत सांगितलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी अर्जेओने फेस ओतला. तुल्लिओ डोळे मिटून बसला. पंधरा मिनिटं झाली. त्याला हाताला धरून वर काढला, सीट बाहेर घेतली, प्लास्टिक सोलून काढलं.

अर्जेओने नेहमीप्रमाणे आत हात फिरवला, आणि हात थांबला.

डाव्या खांद्याची जागा दोन बोटं खाली उतरली होती आणि पुढे वळली होती. डाव्या बरगडीखाली, जिथे फेसात गुळगुळीत खोलगटपणा हवा, तिथे मुठीएवढा उंचवटा आला होता. फेस तिथेच वर येतो जिथे अंगात खड्डा असतो. म्हणजे ज्या पाठीवर हा साचा बसला होता ती पाठ त्या जागी खचलेली होती. कंबरही उजवीकडे पिळलेली. सहा वेळा हाताखालून गेलेली तुल्लिओची पाठ ही नव्हती. भिंतीवरच्या चौतिसांपैकी कुणाचीही नव्हती.

तुल्लिओने मागून डोकावून पाहिलं. "म्हाताऱ्या, तोंड का असं? कुणी गेलं की काय?"

अर्जेओ म्हणाला की तू हललास. तुल्लिओने आईची शपथ घेतली. मग अर्जेओने स्वतःच्या म्हाताऱ्या हातांना दोष दिला, नवे डबे उघडले आणि पुन्हा ओतला. या वेळी तो घड्याळाकडे पाहत नव्हता, तुल्लिओकडे पाहत होता. पापणीसुद्धा हलली नाही. प्लास्टिक सोललं. तोच खांदा, तोच उंचवटा, तीच पिळलेली कंबर. दोन सीटा एकमेकींत घालून पाहिल्या तर चमच्यात चमचा बसावा तशा बसल्या.

एर्मेस त्या वेळी आतल्या खोलीत टेलिफोनवर होता. अर्जेओ त्या दिशेने निघाला तशी तुल्लिओने त्याची बाही धरली.

"कुठे निघालास?"

"एर्मेसला दाखवतो. हे बरोबर नाही."

"दाखव. जेवायच्या आधी तो ब्रेशावाला माझ्या जागी असेल. त्याच्या बापाचा नळांचा कारखाना आहे. माझ्या बापाकडे काय आहे? गुडघेदुखी." तो हसला, पण बाही सोडली नाही. "सुरी घे आणि काप ना. उंचवटा काप, खांद्याला पट्टी लाव. किती जणांच्या तासल्यास तू आजवर. गप्प राहा, अर्जेओ. एवढंच मागतोय."

सीट जमली नाही की तासायची, हे या धंद्यात सगळेच करतात. माणूस बदलता येत नाही, फेस बदलता येतो. अर्जेओने सुरी घेतली. पहिली सीट त्याने तासली, खांद्याखाली स्पंज भरला, वरून रुपेरी चिकटपट्टी गुंडाळली. दुसरी, अस्पर्श, त्याने कपाटामागे सरकवून ठेवली. का ठेवली, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. तुल्लिओ दुपारी ट्रॅकवर गेला आणि गेल्या तीन वर्षांतली त्याची सर्वांत वेगवान फेरी मारून आला. एर्मेसने त्याला मिठी मारली. फ्लावियोने हात मिळवला, आणि तो आपली बॅग उचलून शांतपणे घरच्या मोटारीत जाऊन बसला.

हंगाम चांगला सुरू झाला, इतका चांगला की एर्मेसची जीभ पुन्हा सैल सुटली. मार्चमध्ये तुल्लिओ तिसरा आला, एप्रिलमध्ये जिंकला. त्या रविवारी कारखान्यात तळलेली गरम पुरी आणि हॅम होतं, लांब्रुस्को वाइनच्या बाटल्या होत्या, आणि तुल्लिओचा बाप दुखरा गुडघा विसरून एर्मेसच्या बायकोबरोबर नाचला.

फक्त एक गोष्ट तुल्लिओने सोमवारी अर्जेओला बाजूला घेऊन सांगितली. डाव्या बरगडीखाली काहीतरी टोचतं. अर्जेओने पट्टी सोडून पाहिलं. त्याने सपाट कापलेल्या जागी उंचवटा होता, लहान, अंगठ्याएवढा. घट्ट झालेला फेस वाढत नाही. उष्णतेने नाही, दमटपणाने नाही, कशानेच नाही. अर्जेओने तो परत कापला. पुढच्या शर्यतीआधी तो लिंबाएवढा होता. त्याने तोही कापला. यानंतर दर आठवड्याला तो पट्टी सोडून सुरी चालवायचा. तुल्लिओ बाजूच्या स्टुलावर बसून सफरचंद खायचा, आणि दोघेही त्याविषयी बोलत नसत. घरात दारू पिणारा कुणी असला की रोज रिकाम्या बाटल्या उचलतात, पण त्याचं नाव काढत नाहीत, तसं ते चाललं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्जेओने पट्टी सोडली आणि सुरी हातात तशीच राहिली. कापलेली जागा सपाट होती. काहीही वाढलं नव्हतं.

"संपलं एकदाचं," तुल्लिओ म्हणाला. अर्जेओनेही मोकळा श्वास घेतला. नंतर कितीतरी महिने त्याला तो श्वास आठवत राहिला.

त्या रविवारी टस्कनीतल्या टेकड्यांमध्ये शर्यत होती. चौथ्या फेरीत दोन गाड्यांची चाकं एकमेकींना लागली. त्यात चूक कुणाचीच नव्हती. तुल्लिओची गाडी वर उचलली गेली आणि डाव्या कुशीने कठड्यावर आदळली.

तो जगला. डावा खांदा, चार बरगड्या, कंबरेचं हाड. डॉक्टर म्हणाले की तो चालू लागेल. पुन्हा शर्यतीत गाडी चालवण्याविषयी ते काही बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. अर्जेओ दोनदा इस्पितळात गेला. दोन्ही वेळा खाटेवरच्या माणसाला गळ्यापर्यंत पांढरी चादर पांघरलेली होती, आणि ती थोडी खाली करून पाहायचं धैर्य त्याला झालं नाही.

ऑक्टोबरात, एका लख्ख दुपारी, तुल्लिओ काठी टेकीत कारखान्यात आला. त्याला आपलं शिरस्त्राण आणि बूट न्यायचे होते. एर्मेस बाहेरगावी होता. अर्जेओने त्याला बसायला सांगितलं आणि कॉफी ठेवायला तो आत गेला. दोन कप घेऊन परतला तेव्हा कपाट भिंतीपासून ओढलेलं होतं.

तुल्लिओ फरशीवर बसला होता. न कापलेल्या त्या सीटमध्ये.

त्याने सदरा काढून ठेवला होता. उतरलेला खांदा फेसातल्या उतरलेल्या जागेत गेला होता. बरगडीखालच्या खड्ड्यात तो उंचवटा, मुठीत मूठ जावी तसा, भरून बसला होता. पिळलेली कंबर पिळलेल्या खाचेत. त्याची पाठ आणि फेस यांच्यामधून सिगारेटचा कागदही सरकला नसता. दहा वर्षांत पहिल्यांदाच तो एखाद्या सीटला पूर्ण टेकून बसला होता.



"फेब्रुवारीत पाहिलं होतंस तू हे," तुल्लिओ म्हणाला.

"तूही पाहिलं होतंस."

"मी पाहिला तो फेस. पाठ तू पाहिलीस. पाठी तुला वाचता येतात, मला नाही."

अर्जेओने कप खाली ठेवले. तो म्हणाला, तूच गप्प राहायला सांगितलंस.

"सांगितलं. मला दुसरं काय सांगता येणार होतं?" तुल्लिओचा आवाज चढला नाही. "तू ऐकलंस कशाला?"

उठायला त्याला मदत लागली. मदत करताना अर्जेओचा तळहात त्याच्या उघड्या पाठीवरून गेला. ती त्याला आधीपासून पाठ होती. शिरस्त्राण तुल्लिओने नेलं नाही. तो गेल्यावर अर्जेओने ती सीट करवतीने आठ ठिकाणी कापली आणि नदीकाठी जाळली. काळा, गोडसर धूर पाण्यावर पसरून बराच वेळ हलला नाही.

हिवाळाभर तो एकाच गोष्टीचा निश्चय करीत राहिला. पुन्हा असं काही हाताखाली आलं तर बोलायचं. जागा जावो, संघ जावो, बोलायचं.

फेब्रुवारीत फ्लावियो तोनेल्ली आला. त्याने सगळ्यांशी हात मिळवला, बूट दाराशी काढून मोज्यांवर आत आला, आणि अर्जेओला म्हणाला, "तुम्ही सांगाल तसा बसतो." तो खरोखरच उत्तम बसला. अकरा वाजून वीस मिनिटांनी फेस ओतला. रेडिओ बंद. एर्मेस दाराशी मुकाट.

पंधरा मिनिटांनी सीट बाहेर आली. अर्जेओने प्लास्टिक सोललं.

फेस सपाट होता.

खांदा नाही, कणा नाही, मांड्यांच्या खोबणी नाहीत. वरपासून खालपर्यंत एकसारखी पांढरी पातळी, आणि तिच्यावर प्लास्टिकच्या बारीक सुरकुत्या.

"हा बसलाच नव्हता की काय?" एर्मेस म्हणाला.

"तुझ्यासमोर बसला होता."

पुन्हा ओतला. पुन्हा सपाट.

अर्जेओ वळला. त्याने एर्मेसच्या देखत, फ्लावियोच्या तोंडावर, सगळं सांगितलं: गेल्या वर्षीचा खांदा, बरगडी, ऑक्टोबरातली ती दुपार. मग म्हणाला, "तुल्लिओच्या साच्यात त्याची पुढे मोडणारी पाठ आली होती, तुझ्या साच्यात पाठच नाही. बाळा, बूट घाल आणि घरी जा. या गाडीत बसू नकोस. कुठल्याच बसू नकोस."

एर्मेस फरशीकडे पाहत राहिला.

फ्लावियोने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. मग तो किंचित हसला. "ही जागा अजून तुल्लिओसाठीच राखताय वाटतं तुम्ही. गेल्या वर्षीही मला वाटलं होतं."



फ्लावियोने तो सपाट ठोकळा स्वतः उचलून कॉकपिटमध्ये ठेवला. अर्जेओला आकाराचा अंदाज होता. एवढ्या जाड फेसावर बसलेला माणूस अर्धा बाहेर राहतो. गुडघे स्टिअरिंगला अडतात, डोकं मागच्या संरक्षक कमानीच्या वर जातं.

फ्लावियो दोन्ही हातांवर तोल सावरून आत उतरला. ठोकळ्याला टेकला.

आणि उतरतच गेला.

खांदे काठाखाली आले. हात स्टिअरिंगवर बरोबर पोहोचले. डोकं कमानीखाली, जितकं हवं तितकंच.

तो थोडा डावीकडे सरकला, थोडा उजवीकडे. त्याने डोळे मिटले.

"कुठे टोचतंय?" एर्मेसने विचारलं.

"नाही."

"खांद्याला? बरगडीला?"

फ्लावियोने जरा वेळ घेतला, विचारलेल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर शोधणाऱ्या माणसासारखा.

"छान आहे," तो म्हणाला. "काहीच जाणवत नाही."