ताई म्हणू नकोस

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकून डुलक्या काढू नका, गोष्ट प्रेमाची आहे. देव कुणाची गाठ कुठे घालील याचा नेम नाही. या दोघांची त्याने तिकीट खिडकीवर घातली.

तळ्याकाठी बाग होती, तळ्यात होड्या होत्या. फाटकापाशी तिकीट खिडकी आणि तिच्या शेजारच्या खांबावर एक लाल रेघ. डोकं रेघेच्या खाली राहिलं तर अर्धं तिकीट, वर गेलं तर पूर्ण. खिडकीतली तरुणी दिवसभर हेच ठरवायची, कोण लहान आणि कोण मोठं. आया पोरांचे बूट काढून त्यांना उभं करायच्या, "मान जरा खाली घाल रे," म्हणून कुजबुजायच्या. ती दुसरीकडे बघायची.

एका रविवारी उलटंच झालं. एक मुलगी टाचा उंचावून खांबाला चिकटली. "मला पूर्ण तिकीट हवं. मी लहान नाहीये."

तिच्यामागे तिचा मामा उभा होता. "ताई, देऊन टाका पूर्ण. नाहीतर घरी जाईपर्यंत माझं डोकं खाईल."

"नियमाप्रमाणे ती अर्धी आहे."

"नियम कुणी केला?"

"रंगाऱ्याने. त्याचा हात जिथे टेकला तिथे त्याने रेघ ओढली."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मी कॉलेजात वर्षभर हेच शिकवतो. बालपण काही आभाळातून पडत नाही. कुठवर मूल आणि कुठून मोठं, हे माणसंच ठरवतात. पोरांच्या गळी काही उतरत नाही. त्यांना हा खांब दाखवायला आणतो."

"आणा. ते सगळे पूर्ण तिकिटाचे."

विद्यार्थी काही आले नाहीत. तो मात्र दर रविवारी यायला लागला. भाची होडीत बसली की मामा खिडकीपाशी. ओल्या वल्ह्यांचा आवाज, पाण्यावरून येणारा गार वारा... आणि गजाआडून चाललेल्या गप्पा.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. याने तिला ताई म्हणायचं सोडलं होतं. आता नुसतं "अहो" आणि "जरा ऐकता का". होड्या बांधणाऱ्या काकांच्याही कानांनी ते टिपलं.

"ताई," काका म्हणाले, "लग्नानंतर बायको नवऱ्याला अहो म्हणते. या गृहस्थांनी आधीच सुरू केलंय, तेही उलट्या बाजूने."

तिच्या हातून एकाऐवजी दोन तिकिटं फाटली.

"काकासुद्धा तुम्हाला ताई म्हणतात?" त्याने विषय बदलला. "ते तर तुमच्या वडिलांच्या वयाचे."

"वडीलही ताईच म्हणतात. आईसुद्धा." ती सुटे पैसे नीट लावत सांगू लागली. "सातवं लागलं होतं मला. अंगणात लपाछपी चालली होती, राज्य माझ्यावर होतं. आतून हाक आली. नुकत्याच जन्मलेल्या धाकट्या भावाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि वडील म्हणाले, आता तू मोठी. मी परत गेलेच नाही. लपलेल्या मुली बराच वेळ लपूनच बसल्या असतील."

"एका दिवसात मोठ्या झालात?"

"बाळ जन्मायला एकच दिवस लागतो."

तो हसला नाही. म्हणाला, "मला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. पुढच्या रविवारी शेवटचा येईन..." आणखी काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण एकदा जिला ताई म्हटलं, तिला पुढे काय म्हणायचं?

त्याच आठवड्यात घरी आई म्हणाली, "धाकट्याचं लग्न उरकून घेऊ. ताईचं काय, ती समजूतदार आहे."

आजवर या शब्दावर ती मुकाट मान डोलवत आली होती. या वेळी म्हणाली, "आई, मला विचार तरी."

आईचा हात पिठातच थांबला. "काय विचारू?"

"कुणी आहे का, ते."

"आहे का?"

"रविवारी कळेल."

रविवारी तो आला, पण तोंडात मिठाची गुळणी. भाचीच बोलली, "ताई, मामा चाललाय."

"मला ताई म्हणू नकोस," ती म्हणाली. "ताई म्हटलंस तर मी तुझी बहीण, म्हणजे तुझ्या मामाची भाची. ते मला नको."

"मग मावशी म्हणू?"

"मावशी म्हटलंस तर तो माझा भाऊ. तेही नको."

"मग उरलं काय?"

"मामाला विचार. तो शिकवतो ना कॉलेजात."

रांगेतलं कुणीतरी खाकरलं. मामाचे कान त्या रेघेसारखे लाल झाले. त्याने भाचीच्या खांद्यावर हात ठेवला, पण नजर होती गजांपलीकडे.

"मामी म्हण," तो म्हणाला. "म्हणजे... त्यांची हरकत नसेल तर."

"त्यांची?" गजांआडून तिने विचारलं.

"तुझी," तो म्हणाला.

"नाही हरकत," ती म्हणाली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला विचारलं, "किती तिकिटं?"

दोघांचं भलं झालं, देवाची कृपा. ती नव्या गावी गेली. धाकटा स्वतःचा चहा स्वतः करायला शिकला, त्याचं काही अडलं नाही.

पण तुम्ही रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा एकीची आठवण ठेवा. आजही कुठल्यातरी घरात एका सात वर्षांच्या पोरीच्या मांडीवर बाळ ठेवून तिला सांगितलं असेल, आता तू मोठी. ती तुमच्याच घरात असली, तर उद्या सकाळी तिला एकदा तरी 'बाळ' म्हणून हाक मारा.