देदा की देइदा

"बाई, मग काल तुम्ही चुकलात का?" इनेसने भर जेवणात विचारलं, आणि लामाराच्या हातातला कुबदारीचा, म्हणजे मांस भरलेल्या भाकरीचा, तुकडा ताटात पडला.

मेस्तिया या डोंगरगावातल्या एका घराच्या ओसरीवर दुपारी चौघीच जेवायला बसल्या होत्या. चुलीच्या बाजूला थोरली बहीण नातेला, घरची मालकीण; तिच्या शेजारी तिची मुलगी तेओना, कालच्या बर्फाळ पाण्याने अजून शिंकत असलेली; समोर धाकटी बहीण लामारा, म्हणजे तेओनाची मावशी; आणि चौथी ही इनेस, पोर्तुगालहून आलेली पाहुणी. इनेस खरं तर घोड्यावरून हिमनदीपर्यंत जाऊन यायला म्हणून आली होती. पण नातेलाच्या नवऱ्याने, ओतारीने, हयात असताना रंगवलेली फळी अजून फाटकावर होती... 'घोडे, भाषा, काम'. परदेशातून आलेला माणूस फाटकाशी थबकायचा, इथे काय काय करता येतं म्हणून विचारायचा, आणि मग अडकायचा तो अडकायचाच. घोडे तेओनाकडे, भाषा लामाराकडे, आणि काम, म्हणजे गवत कापणं नि ढासळलेल्या पायवाटा नीट करणं, नातेलाकडे.

"डोंगर चढायला पैसे देतात आणि गवत फुकट कापतात! यांच्या घरी कुणीतरी कळवा गं," असं नातेला म्हणायची आणि त्यांच्याच ताटात दुप्पट वाढायची. इनेसची घोडेस्वारी कधीच संपली होती, तरी ती लामाराच्या वर्गात बसत होती, आणि आता तर तिच्या तळहातांना कोयत्याचे घट्टे पडले होते.

"कुठं चुकले मी?" लामाराने विचारलं. विचारायला नको होतं, पण जीभ आवरली नाही.

"काल ओढा. घोडा पाय घसरला, तेओना पाण्यात. तुम्ही काठावर ओरडला, 'देदा! देदा!'" इनेस एकेक शब्द जपून मांडत होती. "पण पहिला धडा तुम्ही शिकवला. आई मुलीला 'देदा' म्हणते. मावशी भाचीला 'देइदा' म्हणते. तुम्ही मावशी. मग 'देदा' का?"

त्या मुलखात हाक अशी उलटी फिरते. आई लेकराला लाडाने 'आई' म्हणते, आजी नातवाला 'आजी', मावशी भाचीला 'मावशी'. ज्याचं जे नातं, तेच तो लेकराला हाक म्हणून देतो. परक्यांना याचं हसू येतं, इथल्यांना त्यात काहीच वावगं वाटत नाही. आई म्हणजे देदा, मावशी म्हणजे देइदा. दोहोंत फरक एका 'इ'चा... आणि त्या एवढ्याशा 'इ'च्या आधारावर लामाराने आपलं उभं आयुष्य तोलून धरलं होतं!

कुताईसी शहरात शिकायला गेलेली कोवळी लामारा एका हिवाळ्याच्या तोंडावर पोटात जीव घेऊन परत आली, तेव्हा ज्याच्यामुळे हे झालं त्याचं नावसुद्धा या घरात कुणी विचारलं नाही. बर्फाने वाट बंद झाली. वसंतात ती उघडली तेव्हा लेकरू नातेलाच्या मांडीवर होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही कूस न उजवलेल्या नातेलाच्या! गावाने नवल केलं, गाडगंभर मध आणून दिला आणि विषय संपला. पण त्याआधी एका पहाटे लामाराने गावदेवळात जाऊन, काळवंडलेल्या प्रतिमेवर हात ठेवून, शपथ घेतली होती: या लेकराची मी मावशी, दुसऱ्या कुठल्याही नात्याने मी तोंड उघडणार नाही. स्वानेतीत, या डोंगरी मुलखात, प्रतिमेवर हात ठेवून खोटं कुणी बोलत नाही. तेव्हापासून तिच्या ओठांवर आलेली प्रत्येक 'देदा' तिने आतल्या आत गिळली होती, आणि तिच्या जागी ती 'इ' घालत आली होती. ये गं देइदा... जेव गं देइदा... निजलीस का देइदा... केवढी ही यातना, आणि तीही रोजची!

"ओढ्याचा आवाज केवढा होता!" नातेला एकदम मोठ्याने हसली. "अगं, देइदाच म्हणाली असेल ती. 'इ' गेली पाण्यात वाहून!"

"नाही," इनेस म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला फक्त धडा नीट हवा होता. "मी अगदी शेजारी. आणि बाई रोज सांगतात, 'इ' गिळायची नाही."

तेओनाचा घास थांबला. ती मावशीकडे बघत होती.

लामारा आठवू लागली. काल आपण ओरडलो तरी काय? घोड्याचा पाय निसटला, ते काळेभोर केस पाण्याखाली गेले, आणि मग... मग पुढचं काही आठवतच नव्हतं! म्हणालो का आपण? की ही पोर्तुगालची पोरगीच चुकतेय? आणि म्हणालो असलो तर शपथेचं काय, नातेलाचं काय, या पोरीचं काय? ती ज्या घराला आपलं समजून वाढली, तेच घर आपण एका हाकेने पाडलं का? काही म्हणता काही कळेना.

"देइदाच म्हणाले मी," लामारा म्हणाली. "जीभ अडखळली असेल. शिकवणाऱ्याची जीभ काय घसरत नाही? इनेस, चूक माझीच. तू बरोबर शिकलीस."

"मावशी," तेओना हळूच म्हणाली, "मीही ऐकलं. पाण्याखाली जाता जाता."

"पाण्याखाली काय ऐकू येतं गं?"

"तेवढंच ऐकू आलं."

ती उठली आणि ताट तसंच टाकून तबेल्याकडे गेली. "तेओना! अगं तेओना, जेवून तरी जा!" नातेला मागून ओरडली. इनेस गोंधळून दोघींकडे बघत राहिली, "मी काही चुकीचं बोलले?" असं दोनदा म्हणाली, आणि मग ताटं उचलू लागली.

लामारा वर गेली आणि ट्रंक ओढून कपडे भरू लागली. बातुमीच्या भाषाशाळेतून तिला कितीदा बोलावणं आलं होतं. समुद्राकाठी परक्यांना शिकवावं, परक्यांतच राहावं... तिथे कुणी तिला ओळखणार नव्हतं, आणि तिची जीभ घसरली तरी कुणाचं घर मोडणार नव्हतं. डोळ्यांना धार लागली होती, घडी कशाची घालतोय तेही दिसत नव्हतं. तेवढ्यात नातेला दारात येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"जाते मी, नातेला. शपथ मोडली माझ्याकडून. तुझं लेकरू तुझ्यापासून तोडलं मी! मला क्षमा कर..."

"चुलीत गेली तुझी क्षमा! तो माझा लोकरीचा कोट आहे, तो कुठं नेतेस?" नातेलाने कोट हिसकावून घेतला आणि तोच छातीशी धरून पलंगावर बसली. "लामारा, तू एवढी भाषा शिकवतेस. जगभरच्या लोकांची जीभ सरळ करतेस. मी तेओनाला हाक कशी मारते, ऐकलंयस कधी?"

हा कसला प्रश्न?

"सांग ना. कशी मारते?"

लामाराने आठवून पाहिलं, पण आठवणार काय? नातेला लेकराला कुशीत घेऊ लागली की लामारा उठून जायची. ती हाक आपल्या कानांवर पडू नये, म्हणून ती कधी विहिरीवर, कधी अंगणात, कधी विद्यार्थ्यांत जाऊन बसायची. ती एक हाक सोडून तिने सगळं सोसलं होतं. नातेला 'देदा' म्हणत असणार, हे ती धरूनच चालली होती... आणि आत्ता, जेवता जेवता, नातेला काय ओरडली होती?

"तेओना," लामारा पुटपुटली. "तू... तेओना म्हणतेस."

"कायम. तिच्या पहिल्या दिवसापासून. तू शपथ घेतलीस ना, मी तुझ्या मागेच उभी होते. मीही घेतली, मनातल्या मनात. लेकरू मी घेतलं, पण ती हाक मी घेणार नाही. ती हाक तुझी आहे, ती तशीच ठेवीन. ताप आला तिला, पडली, परीक्षेला गेली, ओतारीच्या मयतीत माझ्या गळ्यात पडून रडली... प्रत्येक वेळी आली गं ओठांवर! प्रत्येक वेळी गिळली."

"नातेला! अगं, कशासाठी? तुझा हक्क होता तो!"

"आणि तुझा नव्हता?" नातेला हुंदका देत म्हणाली, आणि दोघी बहिणी त्या अर्ध्या भरलेल्या ट्रंकेपाशी एकमेकींच्या गळ्यात पडून लहान मुलींसारख्या रडल्या. कुणी कुणासाठी काय सोडलं, याचा हिशोबच लागेना. जिच्यासाठी आपण जळत राहिलो, तीही आपल्यासाठी तशीच जळत होती, हे लामाराला इतक्या उशिरा उमगलं होतं!

जिन्याची पायरी वाजली. तेओना दारात उभी होती, हातात लगाम. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"गावातल्या सगळ्या आया लेकरांना 'आई' म्हणतात," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "माझी आई तेवढी मला नावाने हाक मारायची. मला वाटायचं, मी काहीतरी केलंय. काय केलंय ते कळायचं नाही, म्हणून मी जास्तच शहाण्यासारखी वागायची. तुम्हा दोघींना कधी वाटलं नाही, की या पोरीला कुणीतरी त्या हाकेने बोलवावं?"

लामाराने हात पुढे केला, पण तेओना मागे सरली. "खाली लोक थांबलेत," ती म्हणाली, "घोडे निघायचेत." आणि ती निघून गेली.

अंगणात पाहुणे घोड्यांवर बसले होते, तेओनाला मदत म्हणून इनेसही एका घोड्यावर लगाम सावरत होती. तेओनाने मागे न बघता फाटक उघडलं. दोघी धावत खाली आल्या खऱ्या, पण फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, पुढे पाय टाकायचं धाडस एकीलाही होईना. घोडे वळणाकडे निघाले. आत्ता गेली तर संध्याकाळी ही पोर कुणाची होऊन परत येईल? परत येईल तरी का?

"हाक मार," नातेला म्हणाली.

"कशी?"

"काल मारलीस तशी."

"आणि तू?"

नातेलाने डोळे पुसले. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग काही न ठरवता, एकाच श्वासात, दोघींच्याही तोंडून ती हाक सुटली...

"देदा!"

सगळे घोडे थांबले. इनेसने वळून आधी लामाराकडे पाहिलं, मग नातेलाकडे, आणि तिचा चेहरा आणखीच गोंधळला. "आता दोघी 'देदा'? तेओना, कोण चुकलं?"

तेओना काही क्षण पाठमोरीच राहिली. मग तिने बाहीने नाक पुसलं, कालच्या सर्दीचं की कशाचं ते दिसलं नाही, आणि घोडा वळवला.

"कुणीच नाही," ती म्हणाली, आणि फाटकाकडे बघून तिने मोठ्याने ओ दिली. एकच ओ, दोघींना मिळून.