‘आम्ही’ आणि ‘आपण’

इतर कोणत्याही संघासमोर तो शेवटपर्यंत ‘आम्ही’ म्हणत असे. तिच्या संघासमोर मात्र समारोपाच्या भाषणात त्याचं ‘आम्ही’ सुटे आणि त्या जागी ‘आपण’ येई.

सांघिक वादविवादात ही चूक लहान नव्हे. ‘आम्ही’ म्हणजे आमचा बाक. ‘आपण’ म्हटलं की समोरचा बाकही त्यात आला. मग वाद कुणाशी घालायचा? परीक्षक गुण कापत आणि तिचा संघ जिंके.

ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. कारणाशिवाय परिणाम तिला पटत नसे. तो आपल्याला मुद्दाम जिंकू देतो, हा संशय तिला टोचू लागला.

“जिंकतेस ना? मग धर्माच्या गाईचे दात कशाला बघतेस?” संघाला शिकवणारी तिची ताई म्हणाली.

“मला धर्माची गाय नकोच आहे, ताई!”

त्याच्या संघाशी झालेल्या सरावाच्या फेरीत तिने स्वतःचे मुद्दे मैत्रिणीला मांडायला लावले आणि ती नुसती बाकावर बसली. तो ‘आपण’च म्हणाला. पुढच्या फेरीत तेच मुद्दे, तीच मैत्रीण. ती स्वतः खांबाआड, त्याला दिसणार नाही अशी. या वेळी ‘आम्ही’! म्हणजे दोष मुद्द्यांचा नव्हता.

अंतिम फेरीआधी तिने त्याला जिन्यात गाठलं. बाहेर पाऊस संथ लयीत पडत होता.

“उद्या ‘आम्ही’ म्हणा. उसना विजय मला पचत नाही.”

“मी मुद्दाम हरत नाही हो...” तो गोरामोरा झाला. “पण बघतो.”

दुसऱ्या दिवशी तो खिडकीकडे तोंड करून बोलला. एकदाही चुकला नाही आणि त्याचा संघ जिंकला. तिने सगळ्यांत आधी टाळी वाजवली. हरल्याचं वाईट वाटलंच. पण ती हार अस्सल होती.

सभागृह रिकामं झालं. तो खुर्च्या सरळ करत रेंगाळला.

“आज कसं जमलं?” तिने विचारलं.

“तुमच्याकडे बघितलंच नाही.”

“आणि बघितलं असतं तर?”

“तर... ‘आम्ही’ म्हटलं की तुम्ही पलीकडे राहता. जीभ वळत नाही.”

“विरुद्ध पक्ष पलीकडेच असतो, महाशय.”

“नियम माहीत आहे. जिभेला माहीत नाही.”

ती हसू दाबत दाराशी येऊन छत्री उघडू लागली. “आपण निघू या?”

“हे ‘आपण’ — आदरार्थी?”

“‘निघू या’ म्हटलंय मी. व्याकरण बघ जरा.”

‘बघा’ नव्हे, ‘बघ’. त्याने छत्रीची दांडी धरली, तिच्या हातासकट. तिने हात काढून घेतला नाही.

कारण अखेर सापडलं होतं आणि ते साधं होतं: त्याचं तिच्यावर प्रेम होतं, आणि मराठीतल्या ‘आम्ही’मध्ये समोरचं माणूस मावत नाही.